अंकल म्हणजे आमचे कोण

३ नोव्हेंबर २००४

परवा रविवारी एसटीतून रिटायर झालो. आळेफाट्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून जन्मभर लिहीतच आलो. कुठली गाडी आली, कुठली रखडली, कुठल्या ड्रायव्हरने चहाला उशीर केला. आता लिहायला काही उरलं नाही तर हात शिवशिवतो. ही म्हणाली, मग घरातल्या गाड्या लिहा. ही म्हणजे आमची कोंडाबाई. बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. एकदा लिहून टाकलं, पुन्हा लिहायला नको.

आळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या द्रौपदाबाईंना भाड्याने दिल्या आहेत. त्या दवाखान्यात नर्स, मूळच्या घोडेगावकडच्या. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, स्नेहा. आल्या तेव्हा स्नेहा पहिलीत जायची होती. आता डी.एड. झाली आहे आणि तिचं लग्न ठरत आलंय. त्या बौद्ध, आम्ही मराठे. शेजारी भिंतीला भिंत लावून राहणारा माझा थोरला भाऊ रखमाजी, त्याने तेव्हा खोल्या द्यायलाच हरकत घेतली होती. मी म्हणालो, नर्स दारात असली तर तुझंच ब्लडप्रेशर फुकटात तपासून होईल. ते त्याला पटलं. अजून दर आठवड्याला हात पुढे करून बसतो.

२१ नोव्हेंबर

आज जुन्नरची मंडळी आली होती. मुलगा रत्नदीप, दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करतो. बोलायला मऊ, चहात साखर नको म्हणाला तेवढंच मला खटकलं. बैठकीला पुरुष माणूस हवा म्हणून द्रौपदाबाईंनी मला बोलावलं. मी इस्त्रीचा सदरा घालून मुलीकडच्या बाजूला बसलो.

सगळं छान चाललं होतं. लग्न सोळा जानेवारीला धरलं. मग मुलाच्या चुलत्यांनी माझ्याकडे हात करून नातं विचारलं. मी द्रौपदाबाईंकडे पाहिलं, त्या पोह्यांच्या बशांकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात स्नेहा म्हणाली, "हे आमचे अंकल." चुलते म्हणाले, "असं होय, घरमालक का?" आणि मग माझ्याशी फक्त पाऊसपाण्याचंच बोलले.

त्यात त्यांचं चुकलं नाही. अंकल म्हटल्यावर माणसाने समजायचं तरी काय? काका म्हटलं की बापाकडचा, मामा म्हटलं की आईकडचा. अंकल कुठल्याच बाजूला बसत नाही. मी मुलीकडच्या सतरंजीवर बसलो होतो खरा, पण उठून दारात उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. मला वाईट वाटलं, हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिलं.

२३ नोव्हेंबर

आता कान तिकडेच लागतात. फाट्यावर इंग्रजी शाळेची पोरं जीपवाल्याला म्हणतात, अंकल, पुढं बसू का. ट्रॅक्टरच्या शोरूममधला पोरगा मला म्हणाला, अंकल, सावलीत थांबा, म्हणजे म्हातारा ठरवलं. बेल्ह्याच्या बाजारात व्यापाऱ्याचा मुलगा माझ्याच वयाच्या माणसाला म्हणत होता, अंकल, दात बघून घ्या. दात बैलाचे, पण तो माणूस आधी आपलाच जबडा चाचपायला लागला. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेत तर दारात येणारा प्रत्येक बाप्या अंकल. हिला म्हणालो, या शब्दाला काही धरबंधच नाही. ही म्हणाली, "तुमाला काय त्रास हाये त्याचा? कुणी जेवायला वाढत न्हाई का?"

२४ नोव्हेंबर

स्नेहाकडे डिक्शनरी आहे. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, अंकलचा अर्थ काय लिहिलाय बघ. तिने वाचून दाखवला. काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा. शिवाय मुलं ओळखीच्या मोठ्या माणसाला म्हणतात तो. मी म्हणालो, एवढी माणसं एका शब्दात कोंबली तर इंग्रजांच्या लग्नात रुसतं कोण? मानपान कुणाला द्यायचा, हेच कळणार नाही.

ती हसली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "तुम्ही यात नाही, अंकल."

मी उठून आलो. नसेन. एवढं स्पष्ट सांगायची गरज नव्हती. पुस्तकात मावशीचा नवरा आहे, आणि हिला ती मावशीच म्हणते. त्या हिशेबाने तरी मला कुठेतरी बसवायला हरकत नव्हती.

२७ नोव्हेंबर

पत्रिका छापायला स्नेहाला घेऊन जुन्नरला गेलो. छापखानेवाला तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला. तर त्याला म्हणते, काका, अक्षर जरा मोठं घ्या. रसवाल्याला मामा. रिक्षावाल्याला दादा. सगळ्या जगाला नाती वाटत सुटली आणि वळून मला म्हणते, अंकल, पाणी पिणार का? नको म्हणालो. तहान लागली होती, पण नको म्हणालो.

२ डिसेंबर

द्रौपदाबाईंनी आज हिच्याजवळ विषय काढला. त्यांच्यात लग्न साधं असतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे वंदना, पंचशील, हार घातले की झालं. पण त्यांच्या घरात मामाने मुलीला हाताला धरून मंचावर आणायचं, एवढी रीत राहिली आहे. द्रौपदाबाईंना भाऊ नाही. घोडेगावला भागुजी नावाचा चुलतभाऊ आहे, त्याला विचारणार म्हणाल्या. भागुजी इकडे आलेला मला आठवत नाही. स्नेहाच्या दहावीला नाही, टायफॉइडला नाही. तेव्हा तिला मांडीवर घेऊन जीपमधून कोण गेलं होतं, ते जीपवाला सांगेल.

पण माझं काय जातंय? भागुजी तर भागुजी. चुलत का होईना, रक्ताचा आहे.

३ डिसेंबर

भागुजीला चालताना धाप लागते म्हणे. ही मला मुद्दाम सांगते की काय कोण जाणे. मी पेपर वाचत राहिलो.

९ डिसेंबर

आज मी मोठा शहाणपणा केला. कुणाला न सांगता जुन्नरच्या बाजारात गेलो आणि पिवळी साडी घेतली, चांगली काठाची. आमच्याकडे मुलीला पिवळी साडी मामाकडून येते. मनात हिशेब केला होता, तोंडाने काही बोलायचं नाही, साडी पुढे ठेवायची, ज्याला समजायचं त्याला समजेल. मग भागुजीने खुशाल हाताला धरून आणावं.

साडी नेऊन दिली. द्रौपदाबाई पुष्कळ वेळ घडीवर हात फिरवत राहिल्या. छान आहे म्हणाल्या. स्नेहाने अंगावर धरून पाहिली, म्हणाली, अंकल, रंग तुम्ही स्वतः निवडला? मी हो म्हणालो. तिचे डोळे भरले. मला वाटलं, काम फत्ते.

घरात येऊन हिला सांगितलं तर हिने कपाळावर हात मारला. त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते. एवढी वर्षं एका छपराखाली राहून मला हे ठाऊक नाही. ही म्हणाली, "कवा त्यांच्या लग्नाला गेलाय का तुमी? पत्रिका तर दर साली येती." गेलो नव्हतो. ड्यूटी असायची. एखाद्या वेळी नसायचीही.

मामा व्हायला गेलो आणि स्वतःच स्वतःला मामा बनवून आलो.

१० डिसेंबर

कालच्या रागात हिला विचारलंच. तुला मावशी म्हणते, मग मलाच अंकल का? ही तांदूळ निवडत होती. थांबली. म्हणाली, तुम्हाला ठाऊक नाही का? मला वाटायचं ठाऊक आहे.

मग सांगितलं. नवीन राहायला आल्या तेव्हा स्नेहा अंगणात खेळता खेळता रखमाजीकडे काका काका करत धावली. त्याने तिथूनच द्रौपदाबाईंना ऐकवलं, पोरीला समज द्या, आमच्यात नाती लावायची नाहीत, भाडेकरू आहात, भाडेकरूसारखं राहा. मी तेव्हा ड्यूटीवर. द्रौपदाबाईंनी पोरीला आत घेतलं आणि बजावलं, या घरातल्या बाप्यामाणसांना काहीच हाक मारायची नाही. हिने नंतर भांडून मावशी म्हणायला लावलं. बायकांचं बायकांत चालून गेलं.

"पर तुमाला हाक तर मारायची व्हती तिला," ही म्हणाली. "तुमी यायच्या वक्ताला दारात बसून ऱ्हायची. मग शाळंतनं कुठनं तरी हुडकून आणला तिनं त्यो शब्द. आईला म्हनली, ह्यो नात्यातला न्हाई, ह्यो चालंल."

मी चप्पल घालून मळ्यात गेलो. पाण्याची पाळी नव्हती, तरी बांधावर बसलो. सहा वर्षांचं पोर ते. एवढ्याशा डोक्याने तिने वाट शोधली आणि मी आजपर्यंत त्या शब्दावर रुसून बसलो होतो. लाजही वाटली आणि रागही आला. राग रखमाजीचा. थोडा माझाही, पण त्याचं काय करायचं ते समजलं नाही.

१३ डिसेंबर

रखमाजीला सांगितलं की स्नेहाला मी मंचावर आणीन म्हणतो. तो गोठ्यात गाईला पेंड घालत होता. वळलाही नाही. म्हणाला, "तुला पोरबाळ न्हाई, तुला काय फिकीर? मला नातींची लग्नं करायची हायेत. उद्या सोयरीक जमवाया गेलो तर लोक काय म्हनतील?" मी म्हणालो, काल ब्लडप्रेशर किती निघालं? तो म्हणाला, त्याचा इथं काय संबंध? त्याला संबंध खरंच दिसत नाही. मी घरी आलो. भांडून बदलेल असं त्याचं वय राहिलेलं नाही, आणि थोरला भाऊ आहे.

पण भीती मलाही वाटते, ती लिहून ठेवतो. भावकीतल्या लग्नात आपल्याला पुढे बसवतात, पागोटं बांधतात, ते सगळं मला आवडतं. उद्या कुणी बोलावलं नाही तर मी ते हसून नेईन असं नाही.

१९ डिसेंबर

आज रविवार. द्रौपदाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. म्हणालो, "भागुजींना तसदी देऊ नका. स्नेहाला मी आणतो."

त्यांनी हातातलं कापड पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी राहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "रखमाजी दादांना विचारलंत का?"

"विचारलं. नको म्हणाला."

"मग?"

"मग काही नाही. थोरला आहे म्हणून विचारलं."

त्या दोरीवर कापड टाकून आत गेल्या. मी तिथेच उभा. वाटलं, झालं, आपण आगाऊपणा केला. थोड्या वेळाने बाहेर आल्या, डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, साडी पांढरी लागते हं, आमच्या घरात ती मामाच देतो. मी म्हणालो, आणतो की. आनंद लपवायला मी उगाच दोरीची गाठ तपासली. गाठ चांगली घट्ट होती.

३ जानेवारी २००५

पांढरी साडी आणायला ही बरोबर आली. त्याच दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. पांढरी साडी दाखवा म्हणालो तर त्याचा चेहराच उतरला. गादीवरून खाली आला, आवाज खाली घेतला आणि म्हणाला, "कोण गेलं हो?"

आमच्यात पांढरं लुगडं कुणाचं कुंकू पुसलं म्हणजेच घेतात. त्याचं बरोबरच होतं. मी म्हणालो, गेलं नाही कुणी, लग्न आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. परवाच पिवळी नेली, आता पांढरी. हिने मग सूत्रं हातात घेतली. म्हणाली, "बौद्धाघरची पोर हाये, आमची हाये. जरीची पांढरी दावा, आन् म्होरं लटकवलेली नगं, आतली काढा." दुकानदाराने आतली काढली. सात-आठ उलगडून झाल्या. हिने मोत्यासारखी एक निवडली आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. नवरा जिवंत असताना पांढरा पदर अंगावर घ्यायला आमच्यातली बाई घाबरते. ही घाबरली नाही. मीच जरासा दचकलो.

पिवळी साडी स्नेहा परत देत नाही. म्हणते, ती दुसऱ्या दिवशी नेसायला ठेवली आहे.

१६ जानेवारी

दुपारी लग्न झालं. माईकवरच्या माणसाने वधूच्या मामांना पुकारलं तेव्हा मी इकडेतिकडेच बघत बसलो. जन्मभर मी माईकवरून गाड्या पुकारल्या, मला कधी कुणी पुकारलं नव्हतं. हिने पाठीत ढोसलं तेव्हा उठलो. स्नेहाचा हात गार होता. पांढऱ्या साडीत इतकी सुंदर दिसत होती की त्या दुकानदाराला आणून उभं करावंसं वाटलं. वंदना सगळी उभं राहून ऐकली. शब्द समजले नाहीत, तरी हात जोडलेलेच होते.

रखमाजी आला नाही. वहिनी मात्र जेवणाच्या वेळी दिसली, शेवटच्या पंगतीत, पदर कपाळापर्यंत ओढून. मला पाहून तिने जिलेबी मागून घेतली.

भावकीतले तिघे-चौघे संध्याकाळी समोरून गेले आणि बोलले नाहीत. सोसवलं. ठरवलं होतं त्यापेक्षा जड गेलं, पण सोसवलं.

२३ जानेवारी

स्नेहा आणि जावई पहिल्यांदा आले. जावई हा शब्द लिहून बघितला, बरा वाटतो. ती पिवळी साडी नेसून आली होती. हिने पुरणपोळ्या केल्या, द्रौपदाबाईंनी कोंबडी. दोन्ही घरांची दारं उघडी, आणि आम्ही कुठल्या दारात बसलोय त्याचा कुणालाच पत्ता नाही. रखमाजी भिंतीपलीकडे खोकत होता. त्याला ताट पाठवलं. ताट रिकामं परत आलं.

निघताना रत्नदीप माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो मामा." माझी छाती फुगली. मी आशीर्वादाला हात वर केला, तर स्नेहा मध्येच म्हणाली, "मामा नाही म्हणायचं त्यांना."

रत्नदीप गोंधळला. मीही. म्हणालो, अगं, मंचावर मामा म्हणूनच तर आलो.

"ते लोकांसाठी," ती म्हणाली. "मामा काय, पोलिसालाबी म्हणतात. यांना अंकल म्हणा."

"अंकल तर कुणालाही म्हणतात," रत्नदीप म्हणाला. अगदी माझ्या मनातलं बोलला.

"तुम्ही म्हणत असाल. मी दुसऱ्या कुणाला एकदाबी म्हणलेलं नाय."

एवढंच बोलून ती पिशवी उचलायला वाकली. मी पानाचा डबा शोधायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ शोधत बसलो. मी पान खात नाही.

फाट्यापर्यंत सोडायला गेलो. संध्याकाळची वेळ, जुन्नरची जीप भरत होती, गर्दी मोठी होती. जीप सुटली तशी स्नेहाने खिडकीतून हात काढला आणि मोठ्याने हाक मारली, "अंकल!" फाट्यावर माझ्या वयाची पुष्कळ माणसं उभी होती. ओ मी एकट्यानेच दिली.